गिलक्याचं झाकण गळेपर्यंत

मी, चिमाबाई झुंबर भामरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शाळा तिसरीपर्यंत, राहणार आमली, सिल्वासा, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय, सकाळचा चहा पिऊन हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. याआधी असा कागद केलेला नाही.

१. राहतं घर, दोन खोल्या व वरचे पत्रे, मुलगा गोकुळ याचं. पासबुकात असेल ते सून कावेरीचं. तिच्या भाजीला मी वीस वर्षं नावं ठेवली. भाजी चांगली असते.

२. माझा पाटा-वरवंटा शेजारच्या कमळाबाईने चटणी वाटायला नेला, त्याला आठ वर्षं झाली. तो आता तिचाच समजावा. राग तेवढा माझ्याकडे ठेवते.

३. सगळं बियाणं नात सोनम हिचं. यात कोणी वाटा मागू नये. शिरपूरकडून आम्ही इकडे आलो, यांना इथल्या सायली गावात धाग्याच्या कंपनीत काम लागलं, तेव्हा आईने वालाच्या, तुरीच्या वाळक्या शेंगा बांधून दिल्या होत्या. मी बाजारात गेले तेवढ्यात यांनी सगळ्या सोलून दाणे बरणीत भरले.

"एवढी टरफलं कशाला सांभाळायची, बाई? ओझं हलकं केलं."

मी म्हटलं, "तुमचं कातडं सोललं तर तुम्हीपण हलके व्हाल."

इथल्या पावसात सगळ्याला भुंगा लागला. अकरा दिवस मी बोलले नाही. वाचलं एक गिलकं. ते अंग घासायचं आहे असं समजून यांनी हात लावला नव्हता. वर कागदासारखी साल, आत जाळी, जाळीत काळं बी, कोरडं ठणठणीत. त्याच एका गिलक्याचा वेल आजतागायत चालू आहे. हे जाईपर्यंत दरवर्षी पहिली भाजी यांनाच वाढली, हसून.

४. अट. वेल पत्र्यावर चढला आहे आणि गोकुळला या महिन्यात पत्रे काढून स्लॅब टाकायचा आहे. बियाची गिलकी अजून हिरवी आहेत. आत्ता तोडली तर बी कच्चं राहील, आणि गिलक्याचं दुसरं बी घरात नाही. गिलकं पुरतं वाळलं की त्याच्या टोकाचं झाकण आपणहून गळतं, बी खाली सांडतं. तोवर, मी असो वा नसो, पत्र्याला हात लावू नये.

गोकुळने हे वाचलं. म्हणाला, "माय, एवढ्यासाठी मृत्युपत्र?" मग माझ्यासमोर गवंड्याला फोन लावला. "दादा, संक्रांतीनंतर या. नाही, सिमेंट आलंय. गिलकी वाळायचीत. अहो गिलकी, भाजीची."

म्हणून राजीखुशीने सही करते.

चिमाबाई झुंबर भामरे

साक्षीदार:
सुधाकर रामचंद्र पेडणेकर, निवृत्त शिक्षक (काना-मात्रा यांनी तपासली)
मनीषा तुषार वाणी, समोरच्या घरातली

सिल्वासा, १२ नोव्हेंबर २०२४