टर्बोच्या ट्रकाची निरवानिरव

मी, उमाबाई भ्र. गुरुपादप्पा शेटकार, वय ६४ वर्षे, धंदा मालवाहतूक, राहणार उदगीर, जिल्हा लातूर, गुडघ्यांनी थकलेली पण डोक्याने पुरती शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही.

कलम १. राहते घर, अंगणासह, माझी एकुलती मुलगी गौरम्मा हिला. चाकूरला सासरी तिचे बरे चालले आहे, तरी माहेर तिच्या नावाने असावे. अंगणातले लिंबाचे झाड तोडू नये.

कलम २. माझा १९६७ सालचा ट्रक, पाण्याच्या टाकीसह, ड्रायव्हर मलप्पा यास. यावर नातेवाईक हरकत घेतील, म्हणून कारण लिहिते.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच साली यजमान वारले आणि ट्रक माझ्याकडे आला. चार वर्षांनी दुष्काळ पडला. जळकोटच्या बाजूला चढावरच्या एका तांड्याला पाणी न्यायचे काम आम्हाला मिळाले. भरली टाकी घेऊन इंजिन काळा धूर ओकायचे आणि अर्ध्या चढावर थांबायचे. मग मलप्पा नळ सोडून तिसरा हिस्सा पाणी रस्त्यावर सांडायचा, तेव्हा कुठे ट्रक वर जायचा. मला हे ठाऊक नव्हते. एकदा मी स्वतः सोबत गेले. वर एक बाई रिकामी घागर घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "मालकीणबाई, आमचं पानी मातीला कामून पाजता?"

माझे दीर धोंडप्पा म्हणाले, "वैनी, इका हे भंगार. बाईमाणसाचं काम न्हाई हे." मी ट्रक घेऊन नांदेडला रेवणसिद्ध मिस्त्रीकडे गेले. त्याने बॉनेटवर हात ठेवून इंजिन ऐकले. म्हणाला, "जीव हाय यात. हवा कमी पडून राहिली." धरणाच्या कामावरून मोडीत निघालेल्या एका यंत्राचा टर्बो त्याच्याकडे होता. मला समजेल असे त्याने सांगितले: बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरते, ते इंजिनात जादा हवा कोंबते, मग डिझेल पुरते जळते आणि ताकद वाढते. मी म्हटले, बसवा.

चौथ्या दिवशी चढावरच पिस्टन वितळला.

धोंडप्पा मोंढ्याच्या बाजारात चारचौघांत म्हणाले, "वैनीनं टर्बो लावून ट्रकला मूठमाती दिली." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणे सोडले. रेवणसिद्ध निरोप मिळताच बसने आला. अंगणात उभाच राहिला, टेकला नाही. "चूक माझी हाय बाई. ताकदीच्या नादात डिझेल लई सोडलं." जन्मात मी पुष्कळ मिस्त्री पाहिले, असे बोलणारा हा एकटा. मी म्हटले, "मग आता कमी सोडा. अन् आधी जेवा."

अकरा दिवस तो आमच्या अंगणात राहिला. नवा पिस्टन घातला, इंजिनातला दाब उतरावा म्हणून हेडखाली जाड गॅस्केट बसवले, पंपाचे डिझेल आवरले, रेडिएटर मोठा लावला. ते अकरा दिवस तांड्याला आमचे पाणी गेले नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

बाराव्या दिवशी मी केबिनमध्ये बसले. चढ लागला तशी टर्बोची शीळ सुरू झाली. नेहमीच्या जागी मलप्पाचा पाय सवयीने ब्रेककडे गेला. मी म्हटले, "चालू दे." आम्ही भरल्या टाकीने वर पोचलो. तीच बाई आली. आपली घागर भरली, आणि त्यातले तांब्याभर पाणी आधी मला दिले. मी प्याले.

तो सगळा उन्हाळा मलप्पाने एकही खेप चुकवली नाही. म्हणून ट्रक त्याचा. अट एकच: बंद करण्यापूर्वी इंजिन दोन मिनिटे नुसते चालू ठेवावे, म्हणजे टर्बो निवतो. मलप्पाला घाई फार.

कलम ३. दीर धोंडप्पा यांना मालमत्तेत काही नाही. त्यांना द्यायचा होता तो अबोला सोडण्याचा शब्द, आणि मेल्यावर बोलता येत नाही. म्हणून आज सकाळी त्यांना निरोप धाडला. दुपारी येतो म्हणाले.

कलम ४. घरामागची मोकळी जागा या कागदाच्या कच्च्या मसुद्यात मी रेवणसिद्ध मिस्त्रीच्या नावे लिहिली होती. नांदेडला तो अजून भाड्याच्या शेडमध्ये काम करतो. पण या कागदाला साक्षीदारही तोच, आणि वकील म्हणाले, साक्षीदाराने हिस्सा घेऊ नये, पुढे वाद होतो. मी रेवणसिद्धाला म्हटले, "तुम्ही सही करू नका. दुसरा साक्षीदार आणू."

तो म्हणाला, "न्हाई बाई. जागा कुठंबी मिळंल. उद्या लोक म्हणतील, म्हातारी येडी व्हती, ड्रायव्हरला ट्रक देऊन गेली. तुमचं डोकं शाबूत व्हतं हे सांगायला मी पायजे."

पुष्कळ समजावले, ऐकले नाही. म्हणून ते कलम मी माझ्या हाताने रद्द करते. जागा गौरम्माकडे जाईल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. माझे कोणाकडे काही मागणे उरलेले नाही.

ठिकाण: उदगीर
दिनांक: १७ फेब्रुवारी १९९१

सही: उमाबाई भ्र. गुरुपादप्पा शेटकार

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. रेवणसिद्ध मलकप्पा पंचाक्षरे, इंजिन मिस्त्री, नांदेड
२. धोंडप्पा वीरभद्र शेटकार, दीर, उदगीर