कोरड्या वाहिनीची व्याख्या, दुरुस्तीसह

मी, खाली सही करणारी, वय बाहत्तर, नगरपालिकेच्या मलनिस्सारण विभागातून निवृत्त झालेली मसुदा-लेखनिक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी मौन पाळले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. धाकट्या भावाने आणून पाहिला, त्याचा उल्लेख पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

विभागात मला ‘व्याख्याबाई’ म्हणत. गटारांच्या नियमावलीतले व्याख्यांचे प्रकरण माझे. मलजल कशाला म्हणायचे, घरजोडणी कुठे संपते, मुख्य मलवाहिनी कुठे सुरू होते, तुटलेले झाकण कोणाचे, हे शब्दांत बसवण्यात एकतीस वर्षे गेली. म्हणून सवयीने सुरुवात तिथूनच.

कलम १. या मृत्युपत्रात ‘घर’ म्हणजे मलनिस्सारण चौकीसमोरचे, तीन खोल्यांचे, माझ्या कमाईचे घर. ‘नातेवाईक’ म्हणजे माझ्या आजारपणात आलेली माणसे. दारातून डोकावून ‘बरं आहे ना?’ विचारून गेलेले या संज्ञेत येत नाहीत.

कलम २. शिसपेन्सिली, पट्ट्या, कोरे कागद आणि झाकण उचलायचा लोखंडी आकडा चौकीवरच्या मुकादमांना द्यावा. आकडा विभागाचाच आहे. निवृत्तीच्या दिवशी मी तो पिशवीत घालून आणला, हे कबूल करते.

कलम ३. शेजारच्या रंगाऱ्याला नियमावलीची माझी प्रत द्यावी. ‘पावसाळी गटार’ या व्याख्येचे पान मी दुमडून ठेवले आहे. बारा वर्षे तो त्याच्या हौदातले निळे-लाल पाणी त्या गटारात सोडतो आणि विचारले की म्हणतो, ‘बाई, पाणी ते पाणीच की!’ नाही. पावसाळी गटार थेट ओढ्याला मिळते. कारखान्याचे सांडपाणी आधी शुद्ध करायचे आणि मग मलवाहिनीत सोडायचे. मी गेल्यावर तरी वाचावे.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही, पण मृत्युपत्र याच्यासाठीच लिहिते आहे.

आमच्या चौकीवर एक उस्ताद होते. वाहिनीत उतरणाऱ्या टोळीतले सर्वांत जुने. त्यांची पद्धत ठरलेली: उतरायचे ते झाकण, त्याच्या वरचे आणि खालचे, अशी तीन झाकणे उघडायची, चहा होईपर्यंत थांबायचे, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा विझला तर कोणी उतरायचे नाही. नियमावलीच्या पहिल्या मसुद्यात मी प्रत्येक वाहिनीसाठी वायूची तपासणी लिहिली होती. अभियंता म्हणाले, ‘अहो, कोरड्या वाहिनीत कसला वायू? कामं खोळंबतील.’ मला पटले. मी लिहिले: ‘कोरडी वाहिनी म्हणजे जिच्यात सांडपाण्याचा प्रवाह नाही अशी वाहिनी,’ आणि तिला तपासणीतून वगळले. प्रवाह नसला तरी तळाशी गाळ असतो आणि गाळात वायू साचतो, हे मी लिहिले नाही. मी कधी वाहिनीत डोकावलेही नव्हते.

नियमावली लागू झाल्यावर थांबण्याला कामचुकारपणा म्हणू लागले. उस्तादांनी हुज्जत घातली, तेव्हा त्यांना माझी व्याख्या वाचून दाखवली. ते उतरले. तळाशी चार बोटे गाळ होता. त्यांना वर काढले तेव्हा ते गेले होते.

चौकशीत मला बोलावले. विचारले, ‘वाहिनी व्याख्येप्रमाणे कोरडी होती का?’ मी म्हणाले, होती. एवढेच म्हणाले. व्याख्या चुकली आहे, असे म्हणायला तोंड उघडले नाही. निवृत्तीला चार वर्षे होती, मी घाबरले. अहवालात लिहिले गेले: ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’ ज्या माणसाने जन्मभर काळजी घेतली, त्याच्या नावापुढे.

तेव्हा नमूद करते: चूक व्याख्येत होती. व्याख्या माझी. ती अशी असायला हवी: ‘कोरडी वाहिनी म्हणजे जिच्यात प्रवाह नाही, गाळ नाही आणि जी तपासणीत वायुमुक्त आढळली आहे अशी वाहिनी.’ या कलमाची सही केलेली प्रत आज सकाळी मी विभागाच्या आवक खिडकीवर दिली आणि शिक्का मारून घेतला. माझे निवृत्तिवेतन थांबवायचे असेल तर खुशाल थांबवावे.

धाकटा भाऊ म्हणाला, ‘ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता कशाला उकरून काढतेस?’ मी म्हटले, मूठ माझी आहे, उघडणारही मीच.

कलम ५. घर मी उस्तादांच्या पत्नीला देणार होते. त्या शिवणकाम करतात, भाड्याच्या खोलीत राहतात. पण साक्षीदाराच्या पदरात मृत्युपत्रातून काही पडलेले चालत नाही, असे वकिलांनी सांगितले, आणि त्यांना साक्षीदार व्हायचे होते. मी म्हटले, ‘वहिनी, घर घ्या. साक्षीला दुसरं कुणीही मिळेल.’ त्या म्हणाल्या, ‘घर नको बाई. तुम्ही हे लिहिलंत, ते मी पाहिलं, याच्यावर माझी सही पाहिजे.’ मी फार समजावले. त्या ऐकेनात.

म्हणून घर माझ्या पुतणीला. व्याख्येप्रमाणे ती एकटीच नातेवाईक ठरते. अट एकच. समोरच्या खोलीला बाहेरून दार आहे, नळ आहे, गरम पाण्याची टाकी आहे. काम संपल्यावर टोळीतल्या माणसांना तिथे अंघोळ करता आली पाहिजे. ते दार कधीही बंद करू नये. भावाने आक्षेप घेतल्यास त्याला कलम १ पुन्हा वाचून दाखवावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पुतणीने करावी.

ठिकाण: माझे घर, समोरची खोली. दिनांक: सतरा मार्च, सकाळी साडेअकरा.

सही: निवृत्त मसुदा-लेखनिक

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: उस्तादांची पत्नी. सही करण्याआधी त्यांनी मला कलम ४ मोठ्याने वाचायला लावले. ‘चूक व्याख्येत होती’ इथे मला थांबवले आणि म्हणाल्या, ‘कुणाच्या, ते माझ्याकडे बघून सांगा.’ मी कागद खाली ठेवला आणि सांगितले. मग त्यांनी पेन मागितले.