कालव्याची बाई आणि माझ्या पाटल्या

ॲन आर्बर, १४ नोव्हेंबर १९८४

संध्याकाळपासून डोकं फिरलंय. ह्यांचा प्रबंध कोलोराडोतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या कालव्यावर. खोदतानाच कंपनीचे पैसे संपले, तर मॅनेजरच्या बायकोने लग्नाची अंगठी विकून मजुरांचा पगार भागवला म्हणे. आज जेवतानाही तिचंच कौतुक.

मी म्हटलं, "माझ्या पाटल्या विकून तुम्ही विमानात बसलात, ते कुठं लिहिलंत?"

"अगं, तिची पत्रं सापडलीत. पुरावा लागतो."

मेलीला लिहिता येत होतं, एवढंच ना? तिची एक अंगठी, माझ्या दोन पाटल्या, आईने घातलेल्या. दोन. मी लिहिलं नाही म्हणून त्या नव्हत्याच काय?

आता लिहिलंय. उद्या ही वही त्यांच्या टाइपरायटरवर उघडी ठेवणार.