पाचवी लाट

९ नोव्हेंबर, रविवार

चूक सापडली. माझीच!

सहा वर्षं मी एवढंच सांगत आलेय — शिशाची अणुकेंद्रं एकमेकांवर आदळली की क्षणभर जो तापलेला थेंब होतो, तो नुकत्याच जन्मलेल्या विश्वासारखा. आकाशात उरलेल्या मंद प्रारणातल्या लाटांवरून लोक ते विश्व ओळखतात. मी उडालेल्या कणांमधल्या लाटांवरून तो थेंब ओळखते. पण आकाश एकच, माझ्याकडे टकरी कोट्यवधी, आणि प्रत्येकीचा कोन वेगळा. म्हणून आधी प्रत्येक टकरीची दिशा ठरवायची, मग कण मोजायचे.

आणि मी काय केलं? ज्या कणांवरून दिशा ठरवली, तेच मोजले! कण स्वतःशी जुळणार नाही तर कोणाशी? मोजायचा कण दिशेच्या हिशेबातून वगळणारी प्रोग्रॅममध्ये एक ओळ असते. प्रोग्रॅम लवकर चालावा म्हणून मी ती काढली होती. परत घातलीच नाही. चार वर्षं आपलीच पाठ थोपटत बसले.

१० नोव्हेंबर

ओळ घालून पुन्हा चालवलं. कणांमध्ये दिसलेल्या पाच लाटांपैकी चौथी आणि पाचवी गायब. अख्खा प्रबंध त्या पाचवीवर उभा आहे. शुक्रवारी सबमिशन, मुदतवाढही संपली. कौस्तुभ सरांनी त्या लाटेची आकृती जगभर दाखवलीय. सहा वर्षं मला सांभाळून घेणारे माझे गाईड! त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

११ नोव्हेंबर

नुसती रडले.

१२ नोव्हेंबर

आईनं बळेच स्कूटरवर बसवून राजोडीच्या समुद्रावर नेलं. वाळूत बसून तिला सगळं सांगितलं. इथे बोळिंजला अख्ख्या सोसायटीत ती माझ्या पीएचडीचं सांगून बसलीय, पण त्याबद्दल चकार शब्द नाही. एवढंच विचारलं, हे कोणाला कळेल का? नाही म्हटलं. कोणालाच नाही.

ती वाळू झटकत उठली. मग म्हणाली, "तुला तर कळलंय ना, अशू."

मला तिचा रागच आला.

१३ नोव्हेंबर, सकाळ

सरांना मेल केली. जुनी आणि नवी, दोन्ही आकृत्या जोडल्या. चूक माझी, उद्या सबमिट करत नाही, असं लिहिलं. माझं जे व्हायचं ते होवो, पण सर खचतील — तीच भीती वाटतेय.

सव्वाअकरा

सरांचं उत्तर आलं. "ही चूक मार्चमध्येच माझ्या लक्षात आली होती. उद्या सबमिट कर."