राहुकाळाच्या आधीची दोन मिनिटं

बोरीवली, गुरुवार दुपार

तीर्थस्वरूप काशीराममामा,

तुमच्या पायांवर डोकं (एकाच हाताने नमस्कार, दुसरा माऊसवरून काढायची हिंमत होत नाही). मामीचे गुडघे काय म्हणतात? म्हैस दूध देते ना? मी एकदम मजेत.

मालाडचं हॉटेल सोडलं, कुर्ल्याचं गोडाऊनही सोडलं (दिवसभर एका जागी उभं राहणं आपल्याला जमत नाही), हे आईने सांगितलंच असेल. आता बोरीवलीत मृणालिनीबाईंच्या वधूवर सूचक मंडळात आहे. चहा आणायचा, फाइली लावायच्या आणि बाई मुलाच्या उंचीत दोन इंच घालतात तेव्हा गंभीर चेहरा ठेवायचा. सावलीतली नोकरी आहे मामा, ही टिकवायची आहे.

तर रविवारी मंडळाचा मेळावा. दोनशे घरं येणार, सगळ्या स्थळांच्या याद्या छापायच्या, आणि कम्प्युटर असा म्हातारा की चालू केला की बाईंची पूजा आटपते तरी पडदा निळाच. खालचा दुरुस्तीवाला चंद्रप्रकाश म्हणाला, मशीन ठीक आहे, आतली सिस्टीम खराब झाली, नवी घालावी लागेल, पण मला सोमवारशिवाय वेळ नाही. मी म्हटलं, त्यात काय, मी घालतो! (आठवीत शाळा सोडली म्हणून काय झालं.) बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की तुम्हाला भाच्याचा अभिमान वाटला असता. चंद्रप्रकाशने पेनड्राइव्ह दिला आणि बजावलं, आत दोन कप्पे दिसतील, लहान साफ कर, मोठ्याला हात लावू नको, तिथे सगळी स्थळं आहेत, अडलास तर आधी फोन कर.

अर्धं काम झकास झालं. मग कप्पे आले ते दोन नव्हे, चार, आणि सगळं इंग्रजीत. मी फोन लावला तर हा जेवायला बसलेला, उचलेना. तेवढ्यात बाई घड्याळ घेऊन आल्या. गुरुवारचा राहुकाळ दीडला लागतो.

"रतन, एक पंचवीस झाले, आटप!"

"बाई, हे विचारतंय साफ करू का. चंद्रप्रकाशला विचारल्याशिवाय..."

"राहुकाळ त्याच्या जेवणासाठी थांबतो का? इथे मुली हो म्हणायला चार महिने लावतात, आता तूही? दाब की रे मेल्या!"

एक अठ्ठावीसला मी दाबलं. चारही कप्प्यांना दाबलं (दसऱ्याला घर काढतो तेव्हा एक खोली सोडतो का आपण?).

मामा, कम्प्युटर आता हरणासारखा पळतो. बाईंनी डब्याला कुंकू लावलं, मला दोन पेढे दिले आणि जेवून झोपायला गेल्या. मी यादी उघडायला गेलो. यादी नाही. चारशे बारा मुलगे, तीनशे सत्त्याऐंशी मुली, फोटो, पत्रिका, फोन नंबर, सगळं चकाचक. चंद्रप्रकाश म्हणतो, थोडंफार परत मिळेल कदाचित, पण पंधरा दिवस लागतील. बाईंना अजून पत्ता नाही, चारला उठतात. बाकी हवा चांगली आहे.

तुमचा लाडका भाचा,
रतन

ता. क. माघात तुम्ही तुमच्या सुशांतसाठी मुलगी बघायला मंडळात आला होतात तेव्हा मुलामुलींची छापील यादी घेऊन गेलात, वहीत सही आहे तुमची. ती यादी पाहिजे. दुसऱ्या कुणाकडे मागितली तर बाईंना कळेल. फोन केला असता, पण तुम्ही फोनवर ओरडता आणि अख्ख्या वाडीला ऐकू जातं. विमलाआत्या आज गावी निघतेय, तिच्याबरोबर हे पत्र देतोय. ती शनिवारी सकाळी परत निघेल, तिच्याच हाती द्या. मामीने ती वाळत घातलेल्या आमसुलांखाली अंथरली असेल तर डागांसकट चालेल. तुम्ही ज्या मुलींवर फुल्या मारल्यात त्यांचे नंबर वाचता येतात ना तेवढं बघा.

आणखी एक ता. क. सुशांतचं नाव त्या यादीत नाही, तो नंतर नोंदलेला. पण त्याची माहिती मला पाठ आहे, ती आत्ताच पहिल्या नंबरावर घातली (उंचीसकट, दोन इंच जास्त). सध्या अख्ख्या मंडळात तोच एकटा नवरामुलगा आहे. मुलगी एकही नाही. बघा, घाई तुमचीही आहे.