तांदळाच्या दाण्याएवढा फरक

नेरूळ

अम्मीस बासितचा सलाम.

मी बरा आहे, कठडा धरून जिना चढतो. बुशराचा खोकला गेला का?

कबड्डीत दुखावलेला गुडघा आज मोजला. लिगामेंट किती सैल झालंय ते बघायला डॉक्टर नडगी पुढे ओढतात, आधी चांगल्या पायाची, मग दुखऱ्या. सैल निघाला तर कंपनीच्या टीममधून बाहेर, म्हणून मी मांडी आवळून धरली. ते म्हणाले, "पाय ढिला सोड." सुटेना. मग तू लहानपणी पायांवर झोपवून तेल लावायचीस ते आठवलं, आणि सुटला.

दोन्ही गुडघ्यांत तांदळाच्या दाण्याएवढा फरक निघाला. यंदा खेळणं नाही.

तेव्हा तुझी आठवण आली नसती तर बरं झालं असतं, असं मनात येऊन गेलं. माफ कर, अम्मी.

तुझा बासित