अकराचा ताळा

३ नोव्हें., सोम.
खुल्या गणित-सॉफ्टवेअरला पाठवलेला माझा कोड परत आला. तो तपासणाऱ्या बाई पोर्तुगालच्या. मोठ्या गुणाकाराचं उत्तर पडताळणारी माझी चाचणी चुकीचं उत्तरही पास करते, म्हणाल्या. कोड मोठी संख्या तुकड्यांत ठेवतो; उत्तराचे दोन शेजारचे तुकडे अदलाबदल करून दाखवले. खरंच. नवाचा ताळा म्हणजे अंकांची बेरीज; जागा बदलल्या तरी बेरीज तीच. मी स्वतः गणित शिकवतो; मला हे दिसू नये?
कोडाच्या वर टिपणीत मोठ्या अभिमानाने लिहिलंय, 'पद्धत गुंडावार सरांची.' चूक माझी, नाव मला दहावीत गणित शिकवणाऱ्या सरांचं.

४ नोव्हें.
नाव काढावं तर श्रेय लपवल्यासारखं. ठेवावं तर...
मंजू म्हणाली, "सर तामसीला तर आहेत. जाऊन विचारा नं. बायको मी आहे नं, पण नाव सरायचंच घोकून राह्यले!"
दहावीची वही काढली. ताळा जुळला की सर खडू झटकून म्हणायचे, "बसला!" सगळा वर्ग मागोमाग. तो आवाज अजून कानात आहे. पुढची पानं पाणी लागून चिकटलेली.

९, रवि.
बसने तामसी. सर ओसरीवर. ऐकायला कमी येतं, बाकी तेच. चाचणी कुठं फसली ते मोठ्यानं सांगितलं.
"काऊन रे, अकराचा ताळा कुठं गेला? नवानं पाह्यलं का अकरानं पाहाचं. दोनी बसले तरच उत्तर पुढं न्याचं."
"तो तुमी शिकवला नव्हता, सर."
"शिकवला होता. तूच नव्हता. ताप होता म्हणे तुले."
त्या दिवशी शाळा बुडवून कुंटाल्याच्या धबधब्यावर गेलो होतो, वही पिशवीत.
"तापानं वही बी भिजते का रे?"
हसले. म्हणजे तेव्हापासून ठाऊक होतं. इतकी वर्षं एक शब्द नाही.
टिपणीत त्यांचं नाव राहू देऊ का, विचारलं. "पहिले एक मोठा गुणाकार कागदावर करून आण. मशीनवर नाई. मंग सांगतो."

१२
अकराचा ताळा घातला. यात अंक एकाआड एक अधिक-उणे धरायचे; तुकडे नऊ-नऊ अंकांचे, म्हणजे विषम, म्हणून जागा बदलली की चिन्हं उलटतात आणि शेजारची अदलाबदल आता पकडली जाते. नेहमी नाही, बहुतेकदा. तसं टिपणीत स्पष्ट लिहिलं. मूळ चूक का राहिली तेही बाईंना कळवलं: तो धडा मी बुडवला होता. लिहायची गरज नव्हती कदाचित. पण लिहिलं.
उत्तर आलं. कोड ठीक आहे. सरांचं नाव राहणार का तेवढं सांगा, मग घेते. त्यांच्या शाळेतही नवाचाच ताळा होता म्हणे.

१५, शनि.
उद्या तामसी. दुपारी पेन्सिल घेऊन अंगणात बसलो. नऊ अंकी गुणिले नऊ अंकी. हातानं इतका मोठा गुणाकार शेवटचा कधी केला, आठवत नाही. नवाचा बसला. मी चक्क मोठ्यानं "बसला!" म्हणालो. मंजूनं आतून डोकावलं.
अकराचा बसला नाही. ताळा पुन्हा केला. नाही.
कोडात नावाची ओळ कोरी ठेवली आहे. बाई थांबल्या आहेत.
पाच वाजले. कागद उलटा केला. गुणाकार पहिल्या ओळीपासून परत.